सव्वासात

ट्रॉनहाइमच्या बंदरावर, तिसऱ्या मजल्यावर
राग्नफ्रिड दोन दिवस त्याच पानावर अडली आहे.

तक्रार साधी: फ्रॉया बेटापाशी, सॅमनच्या पिंजऱ्यात
यंत्राने अपरात्री सव्वासात टन खाद्य ओतलं.
सव्वासात हे पाण्याचं तापमान होतं.

आत प्रोसेसर एकच, राबणारे दोघे.
एक पाणी मोजतो, एक खाद्य.
टायमरचा ठोका पडला की कर्नल येतो,
आकडा मांडता मांडता त्याचा हात धरतो,
मुठीत असेल नसेल ते त्याच्याच गाठोड्यात बांधतो,
कुठल्या ओळीवर होता तिथे खूण करतो,
मग दुसऱ्याचं गाठोडं सोडतो,
त्याला त्याच्या ओळीवर उभा करतो.
सेकंदाला हजारदा.
दोघांनाही वाटतं, आपण सलग जगतो.
मध्ये आपण नव्हतो, हे कळायला
मध्ये असावं लागतं.

बांधाबांधीत एक रजिस्टर राहून गेलं होतं.
दशांशाचं, अगदी शेवटचं.
खाद्य मोजणारा जागा झाला
तर मुठीत दुसऱ्याचं पाणी.
त्याने शंका घेतली नाही. कशाला घेईल?
आपल्या मुठीतलं आपलंच.

दुरुस्ती दोन ओळींची:
एक ठेवायची, एक परत करायची.
पहिली लिहून होते न होते
तोच फोन. तोर्गाइर विचारतो,
बटाटे किती उकडू?

सव्वासात, ती म्हणते.

पलीकडे क्षणभर काहीच नाही.
मग नळ सोडल्याचा आवाज.