उजव्या हाताची साक्ष

पिएद्राबुएना सोडलं तेव्हा करंगळी गेली होती.
म्हणजे होती जागेवर, हातमोज्यात,
पण हाक मारली तर ओ देत नव्हती.
सान हुलियानच्या फाट्यावर अनामिकाही तिच्यामागे गेली.

मोटरसायकलचं मागणं फार नसतं:
मूठ आवळ, थोडी पिळ, तशीच धर.
तशीच धर.
पुढचे दोनशे किलोमीटर तशीच धर.
डावा हात मजेत. त्याला क्लचपलीकडे काम नाही,
आणि या रस्त्यावर गिअर बदलावा असं वळण तरी कुठंय?
पश्चिमेचा वारा डाव्या खांद्याला धडका देतो
आणि मी त्याच्यावर रेलून, तिरका,
सरळ जातो.

एकतीस वर्षं या उजव्यानं मेंढ्या कातरल्या.
दिवसाला दीडशे, हंगाम चांगला असला तर पावणेदोनशे.
मशीनची थरथर मनगटातून आत शिरली
आणि भाडं न देता राहिली.
आता कोमोदोरोला चाललोय, विम्याच्या कचेरीत,
हा हात कामातून गेला हे सांगायला.
खरं तर दाखवायला. नुसतं सांगून कोण ऐकतं?
मनाशी हिशेब होता:
पावणेआठशे किलोमीटर थ्रॉटल पिळल्यावर
हात असा पोचेल
की डॉक्टरला काही विचारावंच लागणार नाही.

त्रेस सेरोसच्या पंपावर इरुपे कार्कामोनं टाकी भरली.
नोटा माझ्या हातून तीनदा पडल्या.
तिन्ही वेळा तिनंच पळत जाऊन पायाखाली दाबल्या,
नाहीतर वाऱ्यानं समुद्रात नेल्या असत्या.
बोलली काहीच नाही. आत गेली,
खणातून काळ्या प्लास्टिकची एक रुंद जीभ घेऊन आली.
"कुणीतरी ब्राझीलवाला विसरून गेला."
मुठीवर अडकवली. "आता बोटं सोडा, बारिया.
तळव्याची टाच नुसती टेकवा, बास.
आणि गावात शिरलात की फिरवून ठेवा,
नाहीतर वळताना चुकून दाबाल
आणि मोटरसायकलसकट बेकरीत जाल."

बोटं सोडली.
गाडी पडली नाही, थांबलीही नाही.
टाच टेकलेली, बाकी पंजा उघडा.
शंभर किलोमीटरवर अनामिका परतली,
मागून करंगळी, मुंग्यांची वरात घेऊन.
कुंपणापाशी ग्वानाको उभे होते, कधीपासून कोण जाणे.
समोरून आलेल्या ट्रकवाल्याला
मी चार बोटं वर करून दाखवली.
एवढी ऐश.

फिट्झ रॉयजवळ ध्यानात आलं:
अरे, माझा पुरावा गळतोय.
थांबलो. ती जीभ काढून खिशात टाकावी,
उरलेल्या वाटेत हात पुन्हा मारून घ्यावा.
वारा शिट्ट्या घालत होता. अंगठा तिच्या कडेवर होता.
नाही काढली. का, ते मला विचारू नका.

डॉक्टर पोरगेलीशी होती.
हातात एक लोखंडी चिमटा दिला, काटा असलेला.
"दाबा."
तिथं फक्त हात आखडता घ्यायचा होता.
एकतीस वर्षं ज्यानं एकाही मेंढीला हातचं राखून कातरलं नाही
त्या मूर्खानं जीव खाऊन दाबला.
काटा चढला. तिनं आकडा लिहिला.
"दुखतं?"
"आत्ता नाही."
गेला विमा, म्हटलं मनात.
तिनं मान वर केली. "आणि रात्री?"

रात्रीचं कुणी विचारलंच नव्हतं.
म्हटलं, रात्री हा हात माझा नसतो, बाई.
शेजारी कुणी परका झोपल्यासारखा पडलेला असतो.
डाव्या हातानं उचलून मी त्याला कुशीवर वळवतो,
तेव्हा मलाच संकोच वाटतो.
ती बराच वेळ लिहीत राहिली.
निकाल पोस्टानं येईल म्हणे.

परतताना वारा उजवीकडून.
त्रेस सेरोसला इरुपेची पाळी नव्हती,
तिची वस्तू तिला देता आली नाही.
दुसऱ्याच पोरापुढे पैसे मोजले.
एकदाच पडले.