दहापैकी किती

डॉक्टर बोरस्ते म्हणाले, वही ठेवा.
तारीख, काय खाल्लं, झोप किती,
आणि दुखणं दहापैकी किती.

मुलीची उरलेली दुरेघी वही घेतली.
पहिल्या पानावर तिनं गिरवलेला ठ अजून आहे.
त्याच्याखाली मी लिहिते :
सोमवार. झोप दोन तास. डावी बाजू. सात.

सात म्हणजे काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.
अंबडला कंपनीत ठरलेलं असतं.
स्विचचा बारका तुकडा भिंगाखाली धरायचा,
गेजमधून गेला तर पास,
अडकला तर लाल ट्रे.
डोक्याला गेज नाही.
एकदा नऊ लिहिलं आणि लाजून खोडलं,
बाळंतपणाला मग काय ठेवायचं?

लहानपणी आईला अर्धशिशी होती.
मला वाटायचं, तिच्या कपाळात खरोखरच
एक शिशी आहे, अर्धी भरलेली,
चालली की डचमळते.
म्हणून मी तिला म्हणायचे, आई, हळू चाल.
आता वाटतं, फारसं काही चुकत नव्हतं.

यायच्या आधी ती कळवते.
नजरेच्या कडेला नागमोडी रेघ चकाकते,
भर दुपारी गंगापूर धरणाचं पाणी चकाकतं तशी,
आणि त्यात सुपरवायझर बाईंचा अर्धा चेहरा बुडतो.
मी उरलेल्या अर्ध्याला हो हो म्हणत
पर्समधली गोळी चाचपते.

सिन्नरची नणंद म्हणाली, सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी.
एकवीस दिवस खाल्ली. वजन वाढलं.
जायफळ उगाळलं. काशाच्या वाटीनं तळपाय घासले,
तळपाय काळे झाले, वाटी लखलखली,
झोप नाही.

रात्री दोनला जेलरोडवर काय ऐकू येतं?
स्टेशनातली घोषणा. गाडी कुठली ते वाऱ्यावर जातं,
दिलगीर आहोत, तेवढं पोचतं.
देवळालीकडे तोफांचा सराव असला
तर आधी खिडकीची काच,
मग माझं कानशील.

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर
गायधनी काकांचा दिवा.
प्रेसमधली रात्रपाळी सुटून बारा वर्षं झाली,
त्यांच्या शरीराला कुणी सांगितलेलं नाही.
ते एकटेच पत्ते मांडतात. मी डबे पुसते,
पुसलेले डबे परत पुसते.
कधी हात केला नाही.
रात्री दोनला हात करणं बरं दिसत नाही.

गुरुवारी नऊ होतं. खरंच नऊ.
पडद्यावर चादर, चादरीवर सतरंजी,
मोरीजवळच्या गार फरशीला गाल लावून
मी उजाडेपर्यंत पडून.
ह्यांनी बादली आणून ठेवली
आणि काही न बोलता
भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला.
वहीत याला रकाना नाही.

शनिवारी भाजीच्या गाडीपाशी काका मेथी निवडत होते.
वर न बघता म्हणाले,
"परवा तुमच्याकडे अंधार होता.
मग मीही मालवला. म्हटलं, डोळ्यात जात असेल."

एवढा रुंद रस्ता मध्ये, दोन गुलमोहर,
वर सतरंजी.
त्यांचा उजेड माझ्यापर्यंत कधी आलाच नव्हता.
हे मी सांगितलं नाही.
मेथी कशी दिली, विचारलं.

शनिवार. झोप तीन तास. दुखणं
तीन, नाहीतर चार.
लिहून झालं तेव्हा दोन वाजत होते,
सेल परत घातलेल्या घड्याळात.
उठून स्वयंपाकघरातला दिवा लावला.
काम काही नव्हतं.