गृक

लुम्बार्दाच्या वाळूत मुळं, पानांवर समुद्राचं मीठ,
आणि नाव असं की घसा खरवडून निघावं: गृक.
हिची फुलं एकटीने फळत नाहीत.
शेजारी काळ्या द्राक्षांची ओळ लागते, प्लावाचची,
आणि जूनमध्ये थोडा वारा.

पेरिना आणि विच्को
एकोणीस वर्षं बोलले नाहीत.
कारण बांधावरचे चार दगड.
तो म्हणे तिने सरकवले, ती म्हणे त्याने.
त्याच्या वेली काळ्या, हिच्या पांढऱ्या.
हिची वाईन नावाजलेली,
गिळल्यावरही जिभेवर कडवट रेंगाळणारी.
श्रेय ती वाळूला द्यायची.

विच्को गेला. मुलाने वेली उपटल्या,
पाहुण्यांसाठी निळा तलाव बांधला.
त्या सप्टेंबरात हिच्या घडांना
मिऱ्याएवढे हिरवे मणी, बी नसलेले.
बादलीच्या तळाशी खडखडले.

पेरिना बांधावर जाऊन बसली.
दगड मोजले. चारच.
मग गुडघा धरत उठली,
पहिला दगड वीतभर आत,
आपल्या बाजूला ओढला.
"हो, मीच," म्हणाली
तलावाकडे बघत.

तिथे एक जर्मन पोर पोहत होतं.
त्याने हात हलवला.