सुकती लागली की

पहिल्या बैठकीला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये
पंचवीस प्लास्टिकच्या खुर्च्या,
भिंतीवर कापडी फलक : 'बाबा, तुम्हीसुद्धा!'
फलकावरचा बाबा गोरा, चष्मेवाला,
मांडीवरच्या बाळाच्या पायात मोजे.
आले तिघे. दाराशीच उकिडवे बसले,
चहा घेतला, कप बाहेर नेऊन विसळले,
आणि गेले.

मी त्यांच्यातलाच, पगारापुरता पलीकडचा.
अहवालात मीच लिहिलं : प्रतिसाद अल्प.
साहेब म्हणाले, कातकरी बापांना आस्थाच नाही का रे?
म्हटलं, साहेब, खुर्चीला पाठ असते.
आमच्याकडं टेकून बसून कुणी मन उघडत नाही.

मग नवश्या हिलमला विचारलं.
त्यानं तारीख दिली नाही, बोटांवर तिथी मोजली.
म्हणाला, सुकती लागली की.

म्हणून आता राजपुरीच्या खाडीत, गुडघाभर चिखलात
आम्ही नऊ बाप
एकमेकांकडं न बघता
चिंबोऱ्यांची बिळं चाचपतोय.
हात बिळात गेला की तोंड आपोआप सुटतं.

रोहिदास एकोणीसचा. चिखलालाच सांगतो :
पोरगी बारा दिवसांची झाली, अजून उचलली नाय.
हात हे असे, भट्टीनं खरबरीत. ओरखडा उठंल.
आन् माझ्या बापानं मला कसं धरलं, मला काय ठावं?
मी त्याची पाठ बघितली. ट्रकात चढणारी.

कुणी काही बोललं नाही.
कांदळात काहीतरी डुबुक वाजलं.
नवश्यानं कोपरापर्यंत गेलेला हात काढला,
हातात नांग्या उगारलेली चिंबोरी.
"ही मागनं धरायची," म्हणाला, "पोर पुढनं.
घाबरलेला हात दोघींना कळतो."
मग ती रोहिदासच्या टोपलीत टाकून :
"बाळंतिणीला सार कर. तू कर.
वाटण कसं ते वाटेत सांगतो."

रजिस्टरात रकाना आहे, 'समुपदेशनाचा विषय'.
मी लिहिलं : हात. खोडलं.
परत तेच लिहिलं.

दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक येईल.
रोहिदासनं घेतलेली उचल अर्धी संपलीय.
तो जाईल की राहील, मी विचारलं नाही.
रकाना तेवढा नव्हताच.

संध्याकाळी वाडीवरून येताना दिसला :
चुलीवर टोप रटरटतोय,
आणि हा अंगणात उभा
दोन्ही तळव्यांना खोबरेल चोळत,
केव्हापासनं कोण जाणे,
दाराकडं बघत.