दोन बोटं खाली

नारीनला तेव्हा अजून बर्फ होतं.
सालकीनाय मुलाला घेऊन आली,
बुटांना घोड्याच्या लिदीचा वास,
आणि बसायच्या आधीच म्हणाली :
पुसू नका.

काय पुसू नका, ते कळायला वेळ लागला.
तिलेक सात वर्षांचा. उजव्या जांघेत जुना व्रण,
शरदातला, टाके सुबक भरलेले.
कागदावर : अंतर्गळ समजून उघडलं, पिशवी मिळाली नाही.
खाली दुसऱ्या शाईत : अवधाण असावं.

व्रणाच्या खाली, जांघेच्या घडीच्याही खाली,
मांडीवर सरकलेला
बॉलपेनचा निळा ठिपका.

"गाठ आली की मी खूण करते.
मागच्यांनी स्पिरिटने पुसली,
आणि सगळ्या पोरांना जिथे असते तिथे कापलं."

निजवलं. काही नाही.
खोक म्हटलं, तर लाजून पिसाएवढं खोकला.
हातमोजा दिला फुगवायला,
पाच बोटं ताठ झाली, जांघ सपाटच.
सोनोग्राफीचं यंत्र दुरुस्तीला बिश्केकला गेलेलं.
पुस्तकात असं मूल शंभरात एखादं, तेही नाही.
माझ्या बावीस वर्षांत एकही नव्हतं.
किंवा होतं, आणि मी वरच शोधत राहिले.
(हे तेव्हा सुचलं नाही. रात्री सुचलं.)

दाराशी आजोबा, टोपी हातात.
"घोड्यावर चढताना बघितलंत का?"

घोडं कुठून आणू इथे, मी म्हणाले.
म्हाताऱ्याने टोपी खुर्चीवर ठेवली,
टेबलाच्या कडेला हात टेकून वाकला
आणि जिभेने टकटक आवाज केला.
तिलेक हसला. पाय टाकला. अंग उचललं.

ठिपका वर आला.

जर्दाळूच्या बीएवढी, मऊ.
बोट ठेवलं : आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा,
बाहेरच्या बाजूला रोहिणीचा ठोका,
आणि घडीचा बंध वर,
चांगला दोन बोटं वर.
दाबलं तशी हळूच आत गेली,
बिळात शेपटी जावी तशी.

मी लिहिलं, मांडीच्या वाटेने आलेला अंतर्गळ.
अक्षर जरा थरथरलं.

"आता पुसू?" सालकीनायने विचारलं.
नको म्हटलं. उद्या टेबलावर लागेल.
माझं पेन काढून
तिच्याच ठिपक्यावर पुन्हा गिरवलं,
तिच्यापेक्षा गडद नाही झालं.

तेवढ्यात खालून कुणीतरी खाकरलं.
म्हातारा अजून वाकलेलाच होता.