इतर

गणेश पेठेत पहाटे साडेचारला
रत्नागिरीची गाडी मागच्या दाराने उघडते
आणि बर्फाचं पाणी वाट शोधत
माझ्या चपलांपर्यंत येतं.

दर मंगळवारी मी इथे वही घेऊन उभी.
पंखांची रुंदी, नर की मादी, कल्ले आहेत की नाहीत.
सुरमईला जागा असते, हलव्याला भाव असतो.
ही मात्र तळाला,
क्रेटमध्ये मावत नाही म्हणून
सतरंजीसारखी घडी घातलेली.

"काय लिहू?"
"पाकट लिहा," रमणलाल काची म्हणतो,
"नाहीतर वाघळी. पावतीवर आम्ही 'इतर' टाकतो."

डोक्याशी दोन मऊ शिंगं,
पाणी तोंडाकडे वळवणारी,
ओंजळीसारखी.
आत हात घातला तर पोकळ.
कल्ले बंदरावरच निघाले, वाळवणाला,
तिथून सातासमुद्रापार, कुणाच्यातरी काढ्यात.
श्वास महाग, मांस स्वस्त.
पुण्याला उरलेलं येतं, ऐंशी रुपये किलो.

फोनवर इब्राहिम होडेकर हसला होता:
"आम्ही काय आवतण देतो तिला?
जाळं कुप्यासाठी टाकायचं, येते ही.
जिवंत असली तर सोडायला चार माणसं, अर्धा तास.
तेवढ्याचं डिझेल तुम्ही भरणार का, ताई?"
मग जरा थांबून,
"एकदा सोडली होती.
होडीखालून गेली.
बराच वेळ नुसता काळोख हलत होता."

वहीत याला रकाना नाही.

सुरी पोटात शिरली
आणि काचीचा पोरगा थबकला.
आत एक पिल्लू.
पंख अंगाभोवती विड्यासारखे गुंडाळलेले,
उलगडायचे राहून गेलेले.
एकच होतं यांना, मी म्हणाले,
तेही दोन-तीन वर्षांतून.
कुणी काही बोललं नाही.
एका गिऱ्हाइकाने तेवढं विचारलं,
याचं वजन वेगळं धरणार का?

डेंगळे पुलावरून परतते.
खाली मुठा, काळपट, संथ.
तिला सांगून उपयोग नाही,
ती जाते दुसऱ्याच समुद्राला,
घाटाकडे पाठ करून, पूर्वेला.
माझ्या हातांना मात्र खारा वास.

घरी आई विचारेल, आज किती?
एक, मी म्हणेन सवयीने.
मग चहा गार होऊ देत
वही उघडेन,
एकावर काट मारून
दोन लिहीन.