पाकीट क्रमांक एकेचाळीस

एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर,
पंखा एकावर ठेवून मी काम करते.
दोनवर ठेवला तर केस उडतात.
माझे नव्हेत, उंदरांचे.

मेळघाटातून पाकिटं येतात, एसटीच्या पार्सलाने.
आत रानपिंगळ्याने ओकलेल्या गोळ्या,
अंगठ्याच्या पेराएवढ्या, राखी, वाळून खडखडीत.
वर मौजीलाल कासदेकरचं अक्षर:
'साग, वाळका शेंडा, सकाळी आठ, नर, शेपूट हलवत होता.'
'सकाळी आठ'खाली दोन रेघा.
पुण्याला त्याला एवढंच पटवायचं असतं
की हे घुबड उजेडात शिकार करतं.

कोमट पाणी, बशी, चिमटा.
सापसुरळीचा जबडा, दात अजून ओळीत.
नाकतोड्याच्या मागच्या तंगड्या अकरा,
म्हणजे नाकतोडे निदान सहा.
पोटाने जे नाकारलं
त्यावरून पोटाचा हिशेब लावायचा.
घरी ठरलंय, जेवताना हा विषय नाही.

खिडकीबाहेरच्या शिरीषावर आमचा गावपिंगळा.
डोक्यावर ठिपके, लाह्या सांडल्यागत.
दिव्याखालचे पतंग खातो, एसीच्या भोकात अंडी घालतो,
सोसायटीतल्या भांडणांनाही सरावलाय.
रानातल्याचं डोकं जवळजवळ कोरं.
त्याला जुना सागच लागतो, आणि ढोली.
शंभरावर वर्षं तो कागदावर मेलेला होता.
मौजीलालचा आजा म्हणे हसायचा:
आम्हाला विचारलं कुणी?

आज एकेचाळीसमध्ये, लवेच्या गुंत्यात, एक बोट.
पांढुरक्या पिसांचं, नखासकट.
असं वाकडं नख उंदराला नसतं, सरड्याला नसतं.
कपाटातला जुना नमुना काढून शेजारी ठेवला.
तेच बोट, फक्त लहान.
फारच लहान.

फोन लावला. रेंज येत-जात होती.
'ढोलीत दोन पिल्लं होती, ताई,'
मौजीलाल म्हणाला, 'आता एकच आहे. का?'
मी म्हटलं, सहज.
तो थोडा वेळ गप्प राहिला.
'यंदा उंदीर कमी आहेत,' म्हणाला,
आणि एवढं बोलून आवाज तुटला.

तक्त्यात रकाने आहेत: सस्तन, सरपटणारे, कीटक, इतर.
पेन्सिल इतरवर नेली.
परत आणली.
बाहेर चिरर्र चिरर्र सुरू झालं होतं, दिवेलागणीचं,
कुणाचं तरी पार्किंगवरून वाजलं होतं.
बोट कागदाच्या पुडीत बांधलं,
पुडीवर लिहिलं: सकाळी आठ.
पंखा बंद केला, वारा नसतानाही
केस थोडा वेळ हलत राहिले.